सलाईन चालू असताना अंगाला खाज सुटली तर: इन्फ्युजनच्या दिवसाचा क्रम

दर आठ आठवड्यांनी मी भांडुपहून परळला जाते आणि एका डे-केअरच्या खुर्चीत अर्धा दिवस काढते. आतड्याचा क्रोन्स आजार आहे, त्यासाठी इन्फ्लिक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू आहे. ते सलाईनमधून हळूहळू शिरेत सोडतात, त्यालाच इन्फ्युजन म्हणतात. आजूबाजूच्या खुर्च्यांत संधिवाताचे, सोरायसिसचे, मज्जातंतूंच्या आजाराचे पेशंट असतात. कुणाला रिटुक्सिमॅब लागतं, कुणाला इम्युनोग्लोब्युलिन, कुणाला नुसतं लोहाचं सलाईन. औषधं वेगळी, पण चुका बहुतेक त्याच होतात, आणि त्यातली सगळ्यात मोठी मी स्वतः करून बसले आहे.

माझं तिसरं इन्फ्युजन होतं. पंधरा मिनिटं झाली असतील. उजव्या तळहाताला खाज सुटली. मी खुर्चीच्या रेक्झीनवर तळवा घासत बसले. मग तळपाय खाजायला लागले, तेव्हा चप्पल काढून एका पायाने दुसरा पाय खाजवला. डोक्यात हिशेब चालू होता: औषध मिसळून झालंय, आता थांबवलं तर सगळे पैसे पाण्यात. शिवाय सकाळपासून पोटात भीतीचा गोळा होताच, त्यामुळे हेही भीतीचंच असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. सोबत नणंद होती. तिने पेपरातून मान वर केली आणि म्हणाली, "वहिनी, तुझे कान बघ किती लाल झालेत." सिस्टरने ड्रिप बंद केली तेव्हा मानेवर, पोटावर गांधी उठल्या होत्या. मी जवळजवळ वीस मिनिटं गप्प बसले होते. नशीब, प्रकरण अंगावरच्या पित्तावर निभावलं.

ही भीती आहे की अ‍ॅलर्जी, हे खुर्चीत बसून ठरवणं पेशंटचं काम नाही. पेशंटचं काम आधीची तयारी करणं आणि वेळेत तोंड उघडणं. पुढचा क्रम त्यासाठी आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. औषधागणिक वेग आणि आधीची औषधं बदलतात.

टप्पा १: आठवडाभर आधी, एक कागद आणि एक फोन

फाइल जाडजूड असते आणि गडबडीच्या वेळी ती कुणी वाचत नाही. म्हणून एकाच कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: आजार, औषधाचं नाव आणि ब्रँड, हे कितवं इन्फ्युजन, वजन, कशाकशाची अ‍ॅलर्जी, सध्या चालू असलेली सगळी औषधं. आधी रिअ‍ॅक्शन आली असेल तर कितव्या मिनिटाला, काय झालं, ड्रिपचा वेग किती होता आणि काय दिल्यावर उतरली, हेही लिहा. "मागे थोडा त्रास झाला होता" या वाक्यातून डॉक्टरांना काहीच कळत नाही.

औषधांच्या यादीत एका गटाकडे खास लक्ष द्या: बीटा ब्लॉकर. प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही त्यातली नावं. ही औषधं ब्लड प्रेशर, हृदय, अर्धशिशी, हात थरथरणं यासाठी दिली जातात आणि घबराटीसाठीसुद्धा. गोची अशी, की मोठी अ‍ॅलर्जी झाली तर जे इंजेक्शन जीव वाचवतं, त्या अ‍ॅड्रिनॅलिनचा परिणाम या गोळ्यांमुळे कमी होऊ शकतो. भीती वाटते म्हणून इन्फ्युजनच्या सकाळी कुणाची तरी प्रोप्रॅनोलॉल घेऊन येणारे लोक असतात. तसं करू नका. आणि हे वाचून, आधीपासून चालू असलेली गोळी मनानेच बंदही करू नका. तिचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. ब्लड प्रेशरच्या इतर गोळ्यांचंही विचारून घ्या, कारण रिटुक्सिमॅब चालू असताना प्रेशर उतरू शकतं आणि त्या दिवसाची गोळी पुढे ढकलायची का, हे आधी ठरलेलं बरं.

मग डे-केअरला फोन. मी चार गोष्टी विचारते. त्या दिवशी इन्फ्युजनच्या पूर्ण वेळात डॉक्टर त्याच मजल्यावर असतील का? अ‍ॅड्रिनॅलिन खोलीतच असतं ना? आधीच्या गोळ्या किंवा इंजेक्शन तिथे देणार की घरून घेऊन यायच्या? संपल्यावर किती वेळ बसवून ठेवतात? पहिल्या दोन प्रश्नांना पलीकडून "बघू, बोलावून घेऊ" असं उत्तर आलं, तर जागा बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. यात भिडेखातर गप्प बसू नका.

भीतीचंही याच फोनवर सांगून टाका. सुईची भीती असेल तर बधिर करणारं क्रीम मिळतं. लिडोकेन आणि प्रिलोकेनचं असतं, सुईच्या तासभर आधी लावून वर चिकटपट्टी लावायची. घबराट फारच असेल तर डॉक्टर विचार करून एखादी गोळी देतात. शेजारच्या काकूंच्या झोपेच्या गोळीने मात्र गुंगी येते, आणि गुंगीत खाज, धाप, घसा आवळणं काहीच धड सांगता येत नाही.

*तारीख चुकवू नका.* गणपतीला कोकणात जायचंय म्हणून परस्पर तारीख पुढे ढकलणं आपल्याकडे फार चालतं. इन्फ्लिक्सिमॅबमध्ये काही महिने खंड पडला की शरीर औषधाविरुद्ध अँटिबॉडी तयार करण्याची शक्यता वाढते, आणि पुन्हा सुरू केल्यावर रिअ‍ॅक्शनचीही. पुढे ढकलायचं तर डॉक्टरांना विचारून. आणि खूप दिवसांनी परत येत असाल तर ते सिस्टरला आणि डॉक्टरांना आपण होऊन सांगायचं.

*थांबा आणि तपासा.* ताप, खोकला, लघवीला जळजळ, दाढेत पू, अंगावर चिघळलेली जखम यांपैकी काही आहे का? असेल तर औषध विकत घेण्याआधी फोन करा. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं संसर्ग असताना देत नाहीत, आणि उघडलेली बाटली परत घेत नाहीत.

टप्पा २: आदला दिवस

बऱ्याच ठिकाणी औषध आपल्यालाच केमिस्टकडून आणावं लागतं. इन्फ्लिक्सिमॅब, रिटुक्सिमॅब यांसारखी औषधं २ ते ८ अंश सेल्सिअसला राहायला हवीत. केमिस्ट थर्मोकोलच्या डब्यात बर्फाचे जेल पॅक घालून देतो. बाटलीचं खोकं जेल पॅकला थेट टेकू देऊ नका, मध्ये कागद किंवा कापड ठेवा. घरी फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नको आणि फ्रीझरमध्ये तर अजिबात नको. गोठलेलं औषध वितळवून वापरता येत नाही. खोक्यावरचं नाव, किती मिलिग्रॅम, मुदतीची तारीख दुकानातच उभं राहून वाचा. बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा, तो पुढे लागणार आहे.

पाणी भरपूर प्या (किडनी किंवा हृदयासाठी पाण्यावर मर्यादा असेल ते सोडून). शीर सापडायला सोपी जाते, आणि इम्युनोग्लोब्युलिननंतरची डोकेदुखीही कमी राहते. संकष्टी, एकादशी त्या दिवशी आली तर उपास सोडा. रिकाम्या पोटी थरथर, घाम, चक्कर सुरू झाली की ती कशामुळे झाली, हे कुणालाच कळत नाही.

अपॉइंटमेंट शक्यतो सकाळची घ्या. दुपारी दोनला सुरू केलेलं सलाईन रिअ‍ॅक्शनमुळे थांबलं, निम्म्या वेगाने पुन्हा सुरू झालं, की संध्याकाळ होते, ड्यूटी बदलते, आणि पेशंटच्या आधी नातेवाइकांचा धीर सुटतो. पावसाळ्यात परळजवळ हिंदमाताला पाणी भरलं तर काय, रविवारी लोकलचा मेगाब्लॉक आहे का, हे आदल्या रात्री बघायचं. धावतपळत पोचणं ही या दिवसाची सगळ्यात वाईट सुरुवात.

कपडे: सैल बाह्यांचे, पुढून उघडणारे. का ते टप्पा ४ आणि ५ मध्ये.

टप्पा ३: खुर्चीत बसल्यापासून सुई लागेपर्यंत

आधी दहा मिनिटं नुसतं बसा. खरंच नुसतं. स्टेशनचा पूल चढून आलेल्या माणसाची नाडी ११० असते. ती नोंदली गेली, तर पुढे गडबड झाल्यावर तुलना करायला आकडाच उरत नाही. शांत बसून झाल्यावर वजन, ताप, ब्लड प्रेशर, नाडी, ऑक्सिजन, असे सगळे आकडे तुमच्याही कागदावर लिहून घ्या. हा तुमचा पाया. वजन महत्त्वाचं अशासाठी, की इन्फ्लिक्सिमॅबचा डोस किलोवर ठरतो. क्रोन्समध्ये साधारण किलोला ५ मिलिग्रॅम. तीन महिन्यांपूर्वीचं वजन चालणार नाही.

नंतर शीर. हात गार असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने शेकून घ्या. दोनदा प्रयत्न फसला, तर "दुसऱ्या कुणाला बोलवाल का?" असं विचारायला हरकत नाही. चांगल्या सिस्टर त्याचा राग धरत नाहीत.

सुई बघूनच ज्यांना भोवळ येते, त्यांच्यासाठी एक वेगळी युक्ती आहे. ती नेहमीच्या "शांत व्हा, सैल सोडा" याच्या बरोबर उलटी. भोवळ येते तेव्हा प्रेशर उतरलेलं असतं, आणि अंग सैल सोडलं तर ते आणखी उतरतं. म्हणून आडवं व्हा, आणि दोन्ही मांड्या, पोट आणि सुई नसलेला हात दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळा. चेहऱ्यावर ऊब आल्यासारखी वाटली की सोडा, वीस-तीस सेकंद थांबा. असं पाच वेळा. घरी दोन-तीन दिवस सराव करून ठेवा, ऐन वेळी पहिल्यांदा जमत नाही.

आता आधीची औषधं. पॅरासिटामॉल, अ‍ॅलर्जीवरची सेट्रिझिन किंवा अ‍ॅव्हिल, काही वेळा स्टेरॉइड. दिली की घड्याळ बघून वेळ लिहा. गोळीला पोटात जाऊन काम सुरू करायला निदान अर्धा तास हवा. मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक हीच: खुर्च्या भरलेल्या, बाहेर रांग, आणि गोळी तोंडात टाकल्या टाकल्या ड्रिप सुरू. "सिस्टर, आत्ताच घेतलीय, थोडं थांबू या का?" एवढं म्हटलं तरी पुरतं. घरून एखादी अ‍ॅलर्जीची गोळी घेऊन आला असाल तर तीही सांगा, नाहीतर दुहेरी डोस होतो.

*ड्रिप लावण्याआधी तपासा.* बाथरूमला जाऊन आलात का? बाटलीवरचं नाव तुमचं आहे का? बेल हाताशी आहे का, आणि ती वाजते का? (एकदा माझी वाजत नव्हती. तारच निघालेली.) सिस्टरच्या टेबलावरून तुमचा चेहरा दिसतो का?

टप्पा ४: पहिला अर्धा तास

गंभीर अ‍ॅलर्जी आली तर बहुतेक वेळा ती सुरुवातीलाच येते, म्हणून वेग आधी कमी ठेवतात आणि मग वाढवतात. रिटुक्सिमॅब पहिल्या वेळी साधारण तासाला ५० मिलिग्रॅमने सुरू होतं, मग दर अर्ध्या तासाला ५० ने वाढवत जास्तीत जास्त ४०० पर्यंत. इन्फ्लिक्सिमॅब निदान दोन तास चालतं. हे आकडे माहीत असले की "एवढं हळू का सोडलंय?" हा प्रश्न पडत नाही.

*रोलरला हात लावू नका.* सलाईनच्या नळीवरचं ते चाक फिरवलं की थेंब भरभर पडतात, हे मुंबईत प्रत्येक नातेवाइकाला माहीत आहे. एका बाईंच्या भावाने संध्याकाळची कल्याण फास्ट मिळावी म्हणून गुपचूप ते फिरवलं. पाच मिनिटांत बाईंना कापरं भरलं, दातावर दात वाजायला लागले. शेवटी गाडी गेलीच, वर दीड तास जास्त बसावं लागलं. सोबत येणाऱ्याला घरून निघतानाच बजावा.

या अर्ध्या तासात झोपू नका, कानात इयरफोन घालू नका, हातावर शाल ओढू नका. बाह्या वर करा. गांधी आधी कुठे उठेल ते सांगता येत नाही, आणि शालीखाली ती दिसत नाही. सोबतच्या माणसाला मोबाइल बाजूला ठेवून तुमच्या चेहऱ्याकडे, मानेकडे, कानांकडे बघायचं काम द्या. माझ्या बाबतीत सगळं त्याच एका नजरेने निभावलं.

भीतीसाठी श्वास: नाकाने चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर. बाहेरचा श्वास लांब, एवढंच सूत्र. पाच मिनिटं केलं की धडधड उतरते. माझी आई मनात रामरक्षा म्हणायला सांगते, आणि खरं तर तेही चांगलं चालतं, कारण लयीत म्हणताना श्वास आपोआप लांबतो. घरून ठरवून आणलेलं एखादं बारीक काम हवं. मी मोगऱ्याचा गजरा ओवून बघितला, पण एका हाताने जमत नाही. शब्दकोडं बरं पडतं.

टप्पा ५: काहीतरी होतंय

या टप्प्यावर क्रम हलू देऊ नका.

१. बोला. पहिल्याच लक्षणाला. वाक्य घरून पाठ करून या: "सिस्टर, मला आत्ता खाज सुटलीय, ड्रिप थांबवा." "जरा कसंतरी होतंय" म्हटलं की उत्तर येतं, "होईल बरं, पाणी प्या." लक्षणाचं नाव घ्या: तळहात खाजतोय, ओठ जड झालाय, घसा आवळतोय, छातीत दाटलंय, पाठीत कळ आलीय.

२. ड्रिप सिस्टर थांबवेल. हातातली सुई काढू देऊ नका, स्वतः तर ओढूच नका. पुढचं औषध, सलाईन त्याच वाटेने जायचंय.

३. ब्लड प्रेशर, नाडी, ऑक्सिजन लगेच मोजायचा, आणि टप्पा ३ मधल्या आकड्यांशी ताडायचा.

४. अंग बघायचं: मान, पोट, पाठ, कानामागे. कपडे सैल असल्याचा उपयोग इथे.

५. आडवं व्हा, पाय उशीवर उंच. धाप लागली असेल तर पाठ टेकून बसा. उलटी होत असेल तर कुशीवर. *आणि बाथरूमला उठून जाऊ नका.* मोठ्या अ‍ॅलर्जीत अचानक पोटात मुरडा येतो, संडासची घाई होते. प्रेशर उतरलेलं असताना ताडकन उभं राहिलं तर माणूस तिथेच कोसळू शकतो. भांडं मागा. लाज नंतर.

६. घसा आवळणं, आवाज घोगरा होणं, जीभ सुजणं, छातीत शिटीसारखा आवाज, प्रेशर उतरणं, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काही असेल तर पहिलं औषध अ‍ॅड्रिनॅलिन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मोठ्या माणसाला साधारण अर्धा मिलिग्रॅम, आणि पाच मिनिटांत उतार नाही पडला तर पुन्हा. अ‍ॅव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) त्यानंतर. ती दोन्ही खाज, गांधी यांवर चालतात, बंद होत जाणारा घसा उघडत नाहीत. नातेवाइकाने इथे डॉक्टरांशी वाद घालू नये, पण एक प्रश्न स्वच्छ विचारावा (अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणजे जिवावर बेतणारी मोठी अ‍ॅलर्जी): "हे अ‍ॅनाफिलॅक्सिस आहे का, अ‍ॅड्रिनॅलिन द्यायचंय का?"

मग भीती कशी ओळखायची?

हा प्रश्न सगळेच विचारतात, म्हणून खुणा सांगते. पण त्या निवांत वेळी समजून घेण्यासाठी आहेत. ऐन वेळी त्यांच्यावरून स्वतःचा निकाल लावायला बसू नका.

घबराटीत छाती धडधडते, श्वास भरभर होतो, आणि भरभर श्वासामुळे बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. प्रेशर सहसा चढलेलं किंवा नेहमीसारखं असतं, ऑक्सिजन ठीक असतो, अंगावर गांधी नसतात. लांब श्वासाने दहा-पंधरा मिनिटांत लाट ओसरायला लागते. भोवळ येते तेव्हा चेहरा पांढराफटक, घाम, मळमळ, आणि नाडी मंद. आडवं केलं की बरं वाटतं. अ‍ॅलर्जीत मुंग्यांऐवजी खाज असते, तीही तळहात, तळपाय, टाळू, कानात. गांधी, सूज, घरघर, पोटात मुरडा, नाडी जलद आणि प्रेशर खाली.

इतकं सुटसुटीत मात्र नेहमी नसतं. मोठ्या अ‍ॅलर्जीत कधी कधी अंगावर काहीच उठत नाही. आणि "आता मी वाचत नाही" असं अचानक, काही कारण नसताना वाटणं, हे खुद्द अ‍ॅनाफिलॅक्सिसचं एक लक्षण आहे. ते पुस्तकांत नोंदलेलं आहे. त्यामुळे कुणी "घाबरलात तुम्ही, बाकी काही नाही" म्हणालं, तर "आकडे मोजून सांगा" असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आकडे ठीक निघाले तर भीतीही अर्धी पळते, हा माझा अनुभव.

लोहाच्या सलाईनचं थोडं निराळं. त्यात काही जणांना सुरुवातीलाच चेहरा लाल होतो, छाती-पाठ आवळते, पण गांधी, सूज, घरघर काही नसतं आणि प्रेशर टिकून असतं. ड्रिप थांबवली की काही मिनिटांत आपोआप जातं. अशा वेळी डॉक्टर घाईने अ‍ॅव्हिल देत नाहीत. त्याने उलट गुंगी येऊन प्रेशर उतरू शकतं. "मला इंजेक्शन का देत नाही?" म्हणून नातेवाईक भांडताना मी पाहिलेत.

टप्पा ६: थांबल्यानंतर

सौम्य रिअ‍ॅक्शन असेल तर सगळं उतरल्यावर डॉक्टर बहुधा निम्म्या वेगाने पुन्हा सुरू करतात. निर्णय त्यांचा. तुम्ही तीन गोष्टी विचारून कागदावर लिहा: काय दिलं, किती वाजता दिलं, आता वेग किती. प्रेशर उतरलं होतं, घसा आवळला होता, अ‍ॅड्रिनॅलिन द्यावं लागलं, तर त्या दिवशी पुन्हा सुरू करण्याचा आग्रह धरू नका. "पैसे भरलेत, उरलेलं तरी द्या" हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि स्वतः मनात म्हटलंयसुद्धा. तेच औषध पुढे द्यायचं की बदलायचं, हे तज्ज्ञ ठरवतील.

ड्रिप पुन्हा सुरू होते तेव्हा भीतीची दुसरी लाट येते, पहिलीपेक्षा मोठी. आता शरीराला ठाऊक असतं ना काय होतं ते! दोन्ही पाय जमिनीला टेकवा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या, श्वास चार-सहा. सोबतच्या माणसाने पाठ थोपटावी, पण "काही होत नाही गं" म्हणू नये. त्याऐवजी आकडे सांगावेत: "ऑक्सिजन ९८ आहे, नाडी ९० झाली." कागदी पिशवीत श्वास घ्यायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्रास अ‍ॅलर्जीचा किंवा दम्याचा असेल तर ते धोक्याचं आहे.

टप्पा ७: संपल्यावर, आणि घरी

इन्फ्लिक्सिमॅबनंतर एक ते दोन तास बसवून ठेवतात. बसा. सुई शेवटच्या मिनिटापर्यंत हातात राहू द्या. निघण्याआधी पुन्हा एकदा सगळे आकडे.

अ‍ॅव्हिल घेतलेल्या माणसाने स्कूटर चालवायची नाही, लोकलच्या दारात उभं राहायचं नाही, आणि एकट्याने जायचं नाही. त्या दिवशी टॅक्सीचे पैसे वेगळे काढून ठेवा. मोठी रिअ‍ॅक्शन उतरल्यावर काही तासांनी परत उलटू शकते, म्हणून अ‍ॅड्रिनॅलिन लागलेल्या पेशंटला बराच वेळ किंवा रात्रभर ठेवून घेतात. घरी घसा, धाप, सूज, चक्कर यातलं काही सुरू झालं तर डॉक्टरांच्या फोनची वाट न बघता १०८ ला फोन करा किंवा सरळ जवळचं कॅज्युअल्टी गाठा. आपला नेहमीचा डॉक्टर परळला बसतो म्हणून मुलुंडहून तिकडे निघू नका.

उशिरा येणारी रिअ‍ॅक्शन बहुतेकांना माहीतच नसते. इन्फ्लिक्सिमॅबनंतर ३ ते १२ दिवसांत ताप, अंगावर पुरळ, सांधे आणि स्नायू धरणं, जबडा दुखणं, असं झालं तर ते "व्हायरल" म्हणून अंगावर काढू नका, डॉक्टरांना कळवा. इम्युनोग्लोब्युलिननंतर काहींचं एक-दोन दिवस डोकं दुखतं. पण मान ताठ झाली, उजेड सहन होईना, उलट्या झाल्या तर त्याच दिवशी फोन.

रिअ‍ॅक्शनची नोंद सरकारकडे पेशंटलाही करता येते. भारतीय औषधसुरक्षा कार्यक्रमाचा टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४. इथे बॅच नंबरचा फोटो लागतो. आणि पुढच्या तारखेच्या आठवडाभर आधीपासून झोप उडत असेल, ती तारीख कॅलेंडरवर बघवत नसेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करून बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

त्याच रात्री, झोपण्याआधी, टप्पा १ चा कागद पुढच्या वेळेसाठी भरून टाका. दुसऱ्या दिवशी मिनिटं आठवत नाहीत. माझ्या कागदावरची चौथ्या इन्फ्युजनची ओळ अशी आहे: "गोळ्या ९.१०, ड्रिप ९.५०. बाराव्या मिनिटाला डावा तळहात खाजला, लगेच सांगितलं. थांबवली. प्रेशर १२२/७८, नाडी ९६. अ‍ॅव्हिल. १०.३५ ला निम्म्या वेगाने सुरू, १.४० ला संपली. परत येताना टॅक्सीत झोप."